बीपी नाय हाय

हे घडलेलं आहे. कुणाला पटवून द्यायची मला गरज नाही. पटलं नाही तर सरळ पुढे जा, पण खाली "मस्त स्टोरी" असं लिहू नका. ही स्टोरी नाही.

आणि ही रात्रीची गोष्टही नाही.

दुपारची आहे. भर उन्हातली.

गेल्या डिसेंबरातला मंगळवार. महाडमध्ये, हायवेपासून जरा आत असलेलं एक खाजगी हॉस्पिटल. नाव देत नाही. नाव दिलं तर माझ्यावर केस होईल. ज्यांच्यावर व्हायला हवी होती, त्यांच्यावर अजून झालेली नाही.

घडलं ते अम्बरीनच्या बाबतीत. ती माझ्या नुरजहाँ खालाची मुलगी. प्राणिशास्त्रात बी.एस्सी., वय तेवीस. घरातला पंखा बंद पडला तर इतर लोक लाईटवाल्यांना शिव्या देतात, ती आधी स्विच उघडून बघते. तिने हे सगळं मला तीन वेळा सांगितलं. तिन्ही वेळा वेळ तीच, आकडे तेच.

अम्बरीन नर्स नव्हती. कागदोपत्री 'टेक्निशियन'. प्रत्यक्षात ऑपरेशन झालेल्या पेशंटना जिथे आणून ठेवतात, त्या खोलीत एकटी उभी असायची. पेशंट कितीही असोत, माणूस एकच… आणि तेही न शिकवलेलं.

त्या मंगळवारी उमरठच्या वरच्या वाडीतून एक म्हातारा-म्हातारी आली. महिपत आणि आवडी. उडवीवरून पेंढा काढताना आवडी घसरली होती. उजवं मनगट वाकडं झालेलं. पदरात हात गुंडाळून ती बाकावर बसली होती आणि नवऱ्याला झापत होती.

इनचार्ज समीक्षा सिस्टरने फॉर्म पुढे ओढला. मान वर न करता विचारलं, "बीपी आहे का आजीला?"

"व्हता," महिपत म्हणाला. "आता नाय हाय."

"नाही ना? नक्की?"

"नाय हाय वो. गेला."

सिस्टरने 'नाही'वर खूण केली.

आवडी उसळली. "हात माझा मोडला, न् तोंड तुमचा चालतो! माना इचारा की वो बाय."

बाजूला उभ्या अम्बरीनला हसू आलं. म्हातारीने ते पाहिलं आणि तीही हसली. मिशेरीने काळे झालेले दात. तोंडाला मिशेरीचा उग्र वास.

फॉर्मवर महिपतचा अंगठा घेतला.

हाड बसवायला वीस मिनिटंही लागली नाहीत. त्याआधी डॉक्टरांनी झोपेचं इंजेक्शन दिलं, सोबत दुखू नये म्हणून दुसरं. प्लॅस्टर झालं. डॉक्टर पोलादपूरच्या दवाखान्याला निघून गेले. दोन वाजता आवडीला अम्बरीनच्या खोलीत आणलं. ती अर्धवट गुंगीत होती, कण्हत होती, हात झटकत होती.

समीक्षा सिस्टरने गाडीतल्या डॉक्टरांना फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, "अजून अर्धं देऊन टाका. गप पडेल."

दोन वाजून दहा मिनिटांनी झोपेचं आणखी अर्धं इंजेक्शन गेलं.

अशा पेशंटला मॉनिटर लावायचा असतो. हॉस्पिटलात मॉनिटर एकच होता. तो डिलक्स रूममध्ये एका पुढाऱ्याच्या मेहुण्याला लावला होता.

मेहुण्याला ताप होता. शंभर.

अम्बरीनच्या टेबलावर बीपीचं छोटं मशीन होतं. पट्टा दंडाला गुंडाळायचा, बटण दाबायचं, गुर्रर्र करून पट्टा फुगतो आणि आकडे येतात. दर पंधरा मिनिटांनी आकडे तक्त्यात लिहायचे. एवढंच काम.

"भरून टाक गो पूर्ण तक्ता," समीक्षा सिस्टर दारातून म्हणाली. "मग वरच्या मजल्यावर ये. बारा पेशंट आहेत, मला काय दहा हात नाहीत."

तिथे हीच पद्धत होती. सगळेच आधी भरून ठेवायचे.

दोन वीसला अम्बरीनने सव्वादोनपासून सव्वातीनपर्यंतचे पाचही रकाने भरले. बीपी, नाडी, खाली सही. आकडे खरे वाटावेत म्हणून तिने ते थोडे पुढेमागे केले. १२६, १२२, १२४…

शिकलेली मुलगी. खोटंसुद्धा शास्त्रशुद्ध लिहिलं.

मग ती खालीवर करत राहिली. तीन वाजून वीस मिनिटांनी महिपत पाण्याची बाटली घेऊन आत आला. तेव्हा ती टेबलाशी होती.

"बाय," तो म्हणाला. "ही गार लागते गो."

पुढचा अर्धा तास धावपळ झाली. छाती दाबली, ऑक्सिजन लावला. डॉक्टर परत आले. सगळं झालं, फक्त वेळेवर झालं नाही.

संध्याकाळी मुलगा आला. किशोर. भाईंदरला रिक्षा चालवतो. डॉक्टरांनी त्याच्यासमोर फॉर्म धरला. "हा तुमच्या वडिलांचा अंगठा. बीपी नाही असं त्यांनी सांगितलं. पेशंटची माहिती लपवली. आम्ही काय करणार?"

महिपतने खिशातून गोळ्यांची पट्टी काढली. 

"ती गोळी खाते ना रोज. आज पन खाल्लीन. गोळी खाल्ली का बीपी ऱ्हात नाय… म्हून बोललो नाय हाय."

त्याच्या लेखी त्याने खरं सांगितलं होतं. आमच्याकडे गावोगावी लोक असंच बोलतात. ताप आला, ताप गेला. बीपी होता, आता नाय हाय.

किशोरने ती पट्टी बघितली. मग बापाकडे बघितलं.

"तू मारलास तिला."

अम्बरीन चार फुटांवर उभी होती. पोटाशी तक्ता धरून.



तिसऱ्या दिवशी किशोरने राख सावडली आणि बापाशी एक शब्द न बोलता मुंबईची गाडी धरली. जाताना वाडीला सांगून गेला, "दहाव्याला येनार नाय. हा मेला तरी येनार नाय."

आता जरा समजून घ्या, कारण मला राग येतो तो इथे येतो.

झोपेचं औषध फक्त मेंदूला झोपवत नाही. ते रक्तवाहिन्याही सैल करतं. नळी रुंद झाली की पाण्याची धार पडते, तसं बीपी खाली येतं. अशा वेळी हृदय साधारणपणे वेग वाढवून तूट भरून काढतं. आवडीची गोळी होती ती हृदयाला लगाम घालणारी. बीपी पडत होतं, आणि हृदयाला धावायची परवानगी नव्हती. त्यात सकाळच्या गोळीनंतर पोटात पाण्याचा थेंब नाही. त्यात वरून दिलेलं ते अर्धं इंजेक्शन. त्याने श्वास मंदावला. श्वास मंदावला की हृदय आणखी मंदावतं…

यात गूढ काही नाही. हे पुस्तकात आहे. "बीपी आहे का?" याऐवजी "रोज कोणती गोळी घेता?" एवढं विचारलं असतं तर पट्टी तेव्हाच खिशातून बाहेर आली असती. अडीचला एकदा खरं बीपी मोजलं असतं तरी कळलं असतं. झोपेच्या त्या इंजेक्शनवर उतारा असतो. तो त्याच खोलीतल्या कपाटात होता.

खापर कुणावर फुटलं? ज्याला सही करता येत नाही त्याच्यावर.

गुरुवारी, दुपारी सव्वादोनला, अम्बरीन त्या खोलीत एकटी होती. पेशंट नव्हता. खाट रिकामी. पंखा फिरत होता, बाहेर कुणीतरी स्ट्रेचर ढकलत होतं.

मग स्ट्रेचरचा आवाज थांबला.

पंख्याचाही.

पंखा फिरत होता… पण आवाज नव्हता.

आणि टेबलावर…

गुर्रर्र…

पट्टा मोकळा पडला होता. तो आपोआप फुगत होता. दंडाभोवती गुंडाळावा तसा त्याचा गोल झाला. मधे काहीच नव्हतं. फुस्स करत हवा गेली. आकडे आले.

११८/७२. नाडी ६४.

हवेचं बीपी येत नाही. पट्ट्यात दंड नसेल तर मशीन चूक दाखवतं. अम्बरीनने बटण दाबून बघितलं. चूकच आली. म्हणजे मशीन ठीक होतं.

अडीचला पुन्हा. गुर्रर्र… १०२/६०. नाडी ५८.

पावणेतीन. ८४/४८. नाडी ५१.

तीन. ६२/३६. नाडी ४२.

सव्वातीनला पट्टा फुगला, आणि पडद्यावर नुसतं चूक दाखवणारं चिन्ह आलं. म्हणजे… मोजायला काही सापडलं नाही.

मग पंख्याचा आवाज परत आला. खोलीत मिशेरीचा वास होता.

शुक्रवारी तिने दुपारी दोनलाच मशीनमधले सेल काढून खिशात ठेवले.

सव्वादोन वाजले…

गुर्रर्र…

११८/७२.

तेच चार आकडे, शेवटी तेच चिन्ह. त्याच वेळा. घाबरायला तिला वेळच झाला नाही, कारण तोवर तिला कळलं होतं की हे आकडे कुठे असायला हवे होते. तिच्या तक्त्यात. हा तिने न मोजलेला आवडीचा एक तास होता.

त्या दिवशी पहिला आकडा येताच तिने समीक्षा सिस्टरला हाताला धरून आणलं होतं. अडीचला दोघींनी ऐकलं. सिस्टरचा चेहरा पांढरा झाला, पण तोंड तसंच राहिलं. "मशीन जुनं झालंय. फेकून दे."

"सेल माझ्या खिशात आहेत, सिस्टर."

"मग खिशातच ठेव! तुला भुतं बघायला वेळ आहे, मला पेशंट बघायचेत. आणि जास्त शहाणपणा करू नको. तक्त्यावर अक्षर तुझं आहे, माझं नाही."

घरी नुरजहाँ खालाने सगळं ऐकून घेतलं. "चल, मौलवीसाहेबांकडून फुंकर मारून आणू. पाणी पढून देतील."

"अम्मी, मला काही लागलेलं नाही," अम्बरीन ओरडली. "लागलंय ते त्या हॉस्पिटलला! तिकडे न्या तुमच्या मौलवींना!"

खाला म्हणते, लेकीचा असा आवाज तिने आयुष्यात ऐकला नव्हता.

शनिवारी अम्बरीनने शेवटची तपासणी केली. तीन वाजायला दोन मिनिटं असताना पट्टा स्वतःच्या दंडाला बांधला. दुसऱ्या हाताने स्वतःची नाडी धरली. भीतीने ती एकशे वीसच्या पुढे गेली होती. तिने मोजली होती.

तीन वाजले.

गुर्रर्र…

पट्टा आवळला. अजून आवळला. बोटं बधिर झाली. ती दुसऱ्या हाताने पट्टा ओढायला लागली, सुटेना…

६२/३६. नाडी ४२.

तिच्याच दंडावर. तिचं हृदय कानात धडधडत असताना.

हवा गेली. पट्टा गळून पडला. रुंद पट्ट्याचा वळ रुंद उठायला हवा.

दंडावर चार बोटं उठली होती. आणि आतल्या बाजूला, अंगठ्याचा एक ठसा.

सोमवारी ती डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेली. तक्ता खोटा आहे, मी लेखी देते, म्हणाली. डॉक्टर शांत होते. "दे ना. पोलीस आधी तुलाच नेतील. लग्नाची मुलगी आहेस, विचार कर." आणि त्याच दिवसापासून तिला कामावर यायला मनाई झाली.

ती तशीच उठून गेली नाही हं. तक्त्याचे फोटो तिने आधीच काढले होते. केबिनचं दार तिने असं आपटलं की काचेला तडा गेला. तो तडा मी पाहिलाय.

बुधवारी तिने पोलादपूरची एसटी धरली, तिथून मिनीडोअर, तिथून पायी चढण. दुपार झाली होती. दुसऱ्या दिवशी दहावा होता.

महिपत ओट्यावर बसला होता. ताटातली भाकरी वाळून वाकडी झाली होती. शेजारची रंगूबाई ताट उचलत म्हणाली, "खात नाय गो. किसोर फोन उचलीत नाय ह्याचा. सकाळपास्नं धा येळा लावलान."

अम्बरीन खाली जमिनीवर बसली. सगळं सांगितलं. इंजेक्शन, मॉनिटर, पाच रकाने. "बाबा, तुम्ही खोटं नाही बोललात. विचारणाऱ्यांनी चुकीचं विचारलं. खोटं मी लिहिलं."

महिपतने मान वर केली.

"तू व्हतीस तितं. मला बोल लावीत व्हते तवा."

"हो."

"न् उभी ऱ्हायलीस."

"हो."

"माज्या पाया-बिया पडू नको," तो म्हणाला, कारण ती पुढे वाकली होती. "माज्या पोराला सांग. आत्ताच्या आत्ता सांग."

रेंज फक्त अंगणाच्या कडेला दगडी गडग्याजवळ येत होती. अम्बरीनने तिच्या फोनवरून किशोरला लावला. अनोळखी नंबर, त्याने उचलला. तिने स्पीकर चालू केला. महिपत पाच-सहा हात लांब ओट्यावरच बसला होता.

तिच्या फोनमध्ये सगळे कॉल आपोआप रेकॉर्ड होतात. पुढचं मी तिच्या तोंडून ऐकलेलं नाही. रेकॉर्डिंगमधून ऐकलंय.

आधी अम्बरीन बोलते. चार मिनिटं. किशोर मधे एकदाही बोलत नाही. मागे रिक्षांचे हॉर्न. मग तो फुटतो.

"नऊ दिस! नऊ दिस मी बापाशी बोललो नाय! म्हातारा एकटा बसलाय तिकडं, न् तू आज येतेस? तेवा तोंड कुटं गेलं व्हतं तुजं? शिकलेली ना तू? माजी आई म्हंजे काय तुजी वही हाय काय, वाटंल ते लिवायला? मी तुज्या त्या डॉक्टरला…"

आणि तो थांबतो.

हॉर्नचे आवाज थांबतात.

अंगणातल्या कोंबड्यांचा आवाजही.

नऊ सेकंद काहीच नाही…

"…आये?"

अम्बरीन म्हणते, "किशोरभाऊ, इथे कुणी नाही. मी आहे आणि बाबा…"

तो तिचं ऐकत नाही. त्याचा आवाज लहान झालाय. लहान पोराचा असतो तसा.

"हां आये."

…

"जेवलो. हां, जेवलो."

…

"येतो. उद्या येतो, सकाळच्या गाडीला. आबांना सांग… नाय, मीच सांगतो."

…

"कोन? ही? हां… हां. इचारतो."

मग तो पुन्हा अम्बरीनशी बोलतो. हळू. त्याने आधी जो आरडाओरडा केला, त्याहून हे ऐकताना माझ्या अंगावर जास्त काटा येतो.

"आये बोलते, तू सगळं सांगितलंस, येक ऱ्हायला. ती तुला हाक मारीत व्हती. तवा तू तिला काय बोललीस?"

रेकॉर्डिंगमध्ये अम्बरीन बावीस सेकंद गप्प आहे.

मला तीन वेळा सांगताना तिने हे सांगितलं नव्हतं. महिपतलाही नाही. कुणालाच नाही.

मग ती बोलते.

"तीनला दहा कमी होते. मी काहीतरी घ्यायला खोलीत आले होते. त्यांनी डोळे उघडले. म्हणाल्या, 'बाय गो, मी खाली खाली चाललंय, हात धर.'"

"न् तू?"

"मी म्हटलं… 'आजी, नाटकं नका करू. झोपा.'"



"मशीन टेबलावर होतं," अम्बरीन म्हणते. "दोन हातांवर."

तिथे कॉल तुटतो.

किशोर दुसऱ्या दिवशी आला. बापाच्या शेजारी बसून त्याने दहावा केला. आये फोनवर नेमकं काय काय बोलली, ते त्याने आजवर कुणाला सांगितलेलं नाही. स्पीकर चालू होता, पण महिपतला आणि अम्बरीनला पलीकडून फक्त किशोरच ऐकू येत होता.

अम्बरीनने लेखी तक्रार दिली आहे. डॉक्टरवर, सिस्टरवर आणि स्वतःवर. तीन महिने झाले, कागद हललेला नाही. हॉस्पिटल चालू आहे. रिकव्हरी रूममध्ये नवीन मुलगी आहे. हे सगळं लिहायला अम्बरीनने मला एकाच अटीवर परवानगी दिली. ते नाटकांचं वाक्य गाळायचं नाही.

गाळलं नाही.

ते रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. हेडफोन लावून, आवाज पूर्ण वाढवून मी ते ऐकलं. "आये?"च्या आधीचे ते नऊ सेकंद, आणि किशोरच्या उत्तरांच्या मधल्या रिकाम्या जागा. त्या रिकाम्या नाहीत.

तिथे कुणीतरी श्वास घेतंय.

मी घड्याळ लावून मोजलं. अम्बरीन रडत होती, तिचा श्वास जलद आहे आणि वेगळा ऐकू येतो. महिपत लांब होता. किशोरचा श्वास त्याच्या बोलण्याआधी येतो. हा चौथा आहे. खूप जवळचा, खूप हळू. सगळ्या जागा मिळून छत्तीस सेकंद होतात. तेवढ्यात जागं माणूस सात-आठ वेळा तरी श्वास घेतं.

इथे तीन आहेत.

पहिला. मग दुसरा, बऱ्याच वेळाने. मग तिसरा…

आणि दर वेळी मी चौथ्या श्वासाची वाट बघत बसतो.